आडवी रेघ

डायनिंग टेबलवर सेक्शनचा जुना चार्ट उलटा अंथरून
लीलाधरने त्याच्या कोऱ्या पाठीवर इटली आखली.
तास आडवे, गावं उभी.
तळाला नेपल्स, माथ्यावर मिलान,
मधून पेन्सिलीच्या तिरक्या रेघा,
कंट्रोल ऑफिसात छत्तीस वर्षं ओढल्या तशाच:
मालगाड्यांच्या, मेलच्या,
सगळ्या दुसऱ्यांच्या प्रवासाच्या.

दहा दिवस, नऊ गावं.
बाहेर भुसावळ पंचेचाळीसवर.
मी कूलरमध्ये दुसरी बादली ओतली, चार्ट पाहिला,
म्हटलं, एवढं धावाले
मागे पोलीस लागले का आपल्या?

मी फैजपूरला भूगोल शिकवला.
दर वर्षी सातवीच्या फळ्यावर एक बूट काढायचा,
आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी:
बाई, दुसरा बूट कुठंय?
तेवढंच माझं इटली.
पण नकाशात न दिसणारं मला कळतं,
पंचवीस किलोची बॅग, चौथा मजला,
दुपारी एक वाजता बंद झालेलं दार.

पहिला दिवस धरू नकोस, मी म्हटलं.
रात्रभर मुंबईपर्यंत, मग विमानतळावरचं बसणं, मग विमान.
पोचू तेव्हा देह तिथे आणि झोप अजून जळगावच्या पुढे गेलेली नसेल.
त्याने एक तास दिला.
मी अख्खा दिवस मागितला.
मिळाला.

पाँपेईच्या रेघेवर बोट ठेवून विचारलं,
तुझी शुगरची गोळी कोणत्या स्टेशनला?
तो गप्प झाला, रबर शोधू लागला.
मिलान गेलं, कारण तिथे काय पाहायचंय
ते दोघांनाही सांगता येईना.
पिसासाठी मात्र भांडला.
फ्लॉरेन्सहून तासाभराचा तर रस्ता, कललेला मनोरा!
मी म्हटलं, गच्चीवरची टाकी सात वर्षं कललीये,
तिच्याकडे कधी मान वर केलीस?
शेवटी पिसाला तुटक रेघ मिळाली. जमलं तर.

उरली तीन गावं.
रोमला उतरायचं, व्हेनिसहून परत फिरायचं,
मागे येणं नाही.
व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या असतात, म्हणून दोघांत एकच बॅग,
आणि कळण्याचं पीठ, लोणचं
यावर अजून बोलणी चालू आहेत.
पतसंस्थेतली एफडी ऑक्टोबरपर्यंत पिकते,
तोवर गुडघ्यांचंही बघू.

त्याची नाईट सहाला सुटायची, माझी एसटी साडेसहाची.
तो डबा रिकामा घेऊन दारात,
मी भरलेला घेऊन दारात.
क्रॉसिंग, तो म्हणायचा,
सिंगल लाइनवर एक उभी राहिल्याशिवाय
दुसरी निघत नाही.
मला तेव्हा हसू यायचं. नंतर नंतर
यायचं नाही.

आता फ्लॉरेन्सचा दुसरा दिवस, दुपार, एक ते सहा.
त्याने म्युझियम बसवलं होतं, मग बाग, मग टेकडी.
मी पेन्सिल घेतली त्याच्या हातातून
आणि एक आडवी रेघ ओढली, पट्टीशिवाय, जरा वाकडी.
चार्टवर आडवी रेघ म्हणजे उभी गाडी.
नोकरीत अशा दहा मिनिटांचाही जाब द्यावा लागे त्याला,
इंजिन फेल, सिग्नल फेल, रुळावर म्हैस.

पाच तास? तो म्हणाला.
पाच तास.
करायचं काय?
बसायचं. कुठेतरी सावली असेलच की.

सवयीने त्याने समासात बोट नेलं.
कारण?
लिही, गुडघे.
त्याने लिहिलं, गुडघे.
मग चष्मा वर सरकवून, थोडा वेळ थांबून,
त्याच बारीक सरकारी अक्षरात खाली:
पुढील आदेश येईपर्यंत.